कोऱ्या नळीचा निळा रंग

सोमवार, ४

आज पहिला चोथा आला. लाल द्राक्षांचा, प्रेसमधून नुकताच निघालेला. साली, बिया, मधूनमधून देठ. माणसांनी पाट्या शेडच्या दारात ओतल्या आणि त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "चोथेबाईंचा माल आला रे." मी आतच होते. म्हणजे नाव पडलं. रंगाच्या कारखान्यात लॅब सांभाळत होते तोवर 'मॅडम' होते. कारखान्याला कुलूप लागलं, भावाच्या घरी वरच्या खोलीत येऊन राहिले, आणि आता चोथेबाई. शोभतंय म्हणा, आयुष्यभर पिळून झाल्यावर जे उरतं तेच मी पण आहे.

वाइनरी दादाची असं सगळे म्हणतात. खरं तर वाइन करते वहिनी, दादा विकतो. पिंपं धुवायची जुनी शेड मला मिळाली आहे. कल्पना माझी: या चोथ्यात जी तुरट टॅनिनं आणि रंगद्रव्यं शिल्लक राहतात ती काढायची आणि चेहऱ्याच्या क्रीमच्या कारखान्याला विकायची. तेही पेट्रोलच्या भावंडांसारखे जळजळीत द्रावक न वापरता, ग्रीन सॉल्व्हंट वापरून. तसले वास मी आयुष्यभर नाकात भरून घेतलेत, आता पुरे.

दादा संध्याकाळी बघायला आला. बरणी उचलून खिडकीपाशी धरली.

"हिरवा कुठे आहे हा?"

मी सांगितलं की हिरवा म्हणजे रंगाने हिरवा नव्हे, मातीला आणि पाण्याला त्रास न देणारा.

"ते झालं गं. पण पाहुण्यांना दाखवताना जरा रंग घाल ना. लोकांना दिसायला पाहिजे."

मला हसू आलं. दादा असाच, पहिल्यापासून. घरात माझ्या कामाची कोणाला कदर असेल तर त्याला.

वहिनीने ओट्यापुढे जाड रबरी चटई आणून अंथरली आणि लगेच निघून गेली. फरशीवर आम्लाचे डाग पडतील अशी भीती असणार. उभं राहून काम करताना गुडघे आज कमी दुखले, तेवढाच माझा फायदा.

गुरुवार, ७

द्रावक साधला. लिहून ठेवते, कारण मलाच त्याचं अजून नवल वाटतं. एक पूड फळातल्या साखरेची. दुसरी कोलीनची, जी जनावरांच्या खाद्यातसुद्धा घालतात. दोन्ही कोरड्या, दोन्ही पांढऱ्या. शेजारी शेजारी ठेवल्या तर वर्षभर तशाच पडून राहतील. पण एकत्र करून, थोडासा पाण्याचा शिंतोडा देऊन कोमट तव्यावर ढवळल्या की एकमेकींना वितळवतात आणि काचेसारखा नितळ पाक होतो. त्या पाकात चोथा भिजवला की सालीतला रंग त्यात उतरतो. विष नाही, धूर नाही, आग लागायची धास्ती नाही.

वहिनी चाळणी परत न्यायला आली होती. पाक होताना बघत उभी राहिली. मग म्हणाली, "ताई, पुन्हा एकदा करून दाखवाल?"

दाखवलं. ती ओणवी होऊन बघत होती. साखर किती लागते त्याचा अंदाज घेत असणार, घरात सगळ्याचा हिशोब तिच्याकडे असतो. तिने विचारलं मात्र काही नाही. जाताना एवढंच म्हणाली, "मला शाळेत रसायनशास्त्र कधी कळलंच नाही." मी "हं," म्हटलं.

सोमवार, ११

निळा. असा निळा की बघत राहावं.

या चाचणीत पिवळसर औषध घालतात. मालात जितकी टॅनिनं जास्त तितका रंग निळा होत जातो. एका नळीत नुसतं पाणी घालून ती कोरी धरायची, तिचा रंग शून्य, आणि बाकीच्या तिच्याशी ताडून बघायच्या. वर्षानुवर्षं केलेलं काम, डोळे मिटून करीन. रंग लवकर यावा म्हणून नळ्या गरम पाण्याच्या भांड्यात उभ्या केल्या आणि चहा प्यायला गेले. येऊन बघते तर दौतीत बोरू बुडवावा असा गडद निळा. रंग मोजायच्या मशीनने आकडा दाखवायलाच नकार दिला, म्हणून पातळ करून पुन्हा मोजलं. तरीही आकडा अल्कोहोलने काढलेल्या अर्काच्या कैक पट.

मी शेडमध्ये एकटीच हसले. मग मलाच कसंतरी झालं, या वयात एकटीने हसायचं म्हणजे. दादाला सांगितलं तर तो फोन घेऊन अंगणात फेऱ्या मारायला लागला. "आमच्या घरातच शास्त्रज्ञ आहे," कोणाला तरी सांगत होता. माझे पाय आज जमिनीवर नाहीत हे मला कळतंय. राहू देत एक दिवस.

रविवार, १७

नमुना क्रीमच्या कारखान्याकडे गेला. तिथल्या खरेदी बघणाऱ्या बाई, आम्ही त्यांना क्रीमवाली म्हणतो, फोनवर म्हणाल्या की आकडा खरा असेल तर आमचा सगळा चोथा त्या यावर्षीपासूनच बांधून घेतील. दादाने जेवताना ही बातमी दोनदा सांगितली. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढले, खोटं कशाला बोलू?

मग वहिनीचं पांढऱ्या वाइनचं पुराण सुरू झालं. उताराच्या अगदी वरच्या टोकाला तिने स्वतः लावलेल्या वेली आहेत, उशिरा पिकणाऱ्या. त्यांना यंदा पहिल्यांदा पुरेशी द्राक्षं लागली. रस कोल्ड रूममधल्या छोट्या टाकीत ठेवला आहे आणि तो गारव्यात हळूहळू आंबतोय. गारवा सुटला तर वास उडून जातो म्हणे. रोज सकाळी ती तिथे जाऊन नुसती उभी राहते.

"पांढरी कोण पितं आपल्याकडे?" दादा म्हणाला.

"मी पिईन," वहिनी म्हणाली, आणि माझ्याकडे बघून हसली. "ताई पितील."

मला मध्ये ओढायची काय गरज होती? मी पाणी प्यायले.

मंगळवार, २६

आधी झालं ते लिहिते.

दुपारी क्रीमवालीचा फोन आला. त्यांच्याकडे प्रत्येक द्रव्य वेगवेगळं करून मोजणारं मशीन आहे. त्यात आमच्या अर्काचा आकडा आम्ही सांगितलेल्याच्या दहाव्या हिश्श्यालाही पोचला नाही. बाई सभ्य आहेत. म्हणाल्या, "काहीतरी गडबड असेल, पुन्हा पाठवा." सभ्यपणाच जास्त लागतो.

रात्री जेवताना दादाने विचारलं, "काय झालं नेमकं?" त्याचा आवाज मी ओळखते. त्याने चार जणांना सांगून ठेवलंय, आता तो तोंडघशी पडणार. वहिनी वाढत होती. आणि माझ्या तोंडून निघालं, "चोथा शिळा होता. प्रेसपासून शेडपर्यंत यायला वेळ लागला, उन्हात पडून राहिला. हवा लागली की टॅनिनं जातात."

हे अगदीच खोटं नाही. हवेने जातात. एक ढीग खरोखरच पडून राहिला होता.

वहिनी हातातलं भांडं घेऊन तशीच उभी राहिली. "हो, पडला होता," ती म्हणाली. "पंप बिघडला म्हणून मी माणसं तिकडे लावली. माझीच चूक."

मग दादा तिला टाकून बोलला. बराच वेळ बोलला. घरात एक चांगली गोष्ट होत होती तीही तुझ्या गलथानपणामुळे, वगैरे. ती ऐकत होती. मी ताटातलं सगळं संपवलं, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचेना.

बुधवार, २७

खरं लिहायचं नसेल तर ही वही कशाला?

सकाळी मी सहज म्हणून, केवळ चोथ्याचा शिळेपणा सिद्ध करावा म्हणून, चाचणी पुन्हा लावली. आणि कोऱ्या नळीत पाणी घालताना हात थांबला.

कोरी नळी म्हणजे माल सोडून बाकी सगळं जिच्यात आहे ती. अल्कोहोलच्या वेळी पाणी घातलं तरी बिघडत नव्हतं, म्हणून इतकी वर्षं पाणीच घालत आले. हाताला सवय झाली. पण आता माल पाकात आहे. आणि पाक अर्धा साखरेचा. या चाचणीत साखरसुद्धा निळा रंग देते, त्यात नळ्या गरम केल्या तर जास्तच. हे मला माहीत आहे. हे मी नव्या मुलामुलींना शिकवलंय, त्यांची टर उडवत शिकवलंय.

कोऱ्या नळीत नुसता पाक घातला. चोथ्याचा कणसुद्धा नाही. गरम पाण्यात उभी केली आणि समोर बसून राहिले.

निळी झाली. दुसरीइतकीच. उजेडात धरून बघितलं तर मला स्वतःला दोघींतली माल असलेली कुठली ते सांगता आलं नसतं.

जे मी स्वतःच ओतलं होतं तेच मोजून शाबासकी घेतली. आणि वर त्याचं खापर वहिनीवर फोडलं.

सांगायला म्हणून घरात गेले. देवाशपथ सांगायलाच गेले. दादा फोनवर होता, "दुसरा नमुना असा देतो की बघत राहाल," असं म्हणत होता. वहिनी दारातच भेटली. डोळे सुजलेले. म्हणाली, "ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. चोथा ताजाच्या ताजा थंड कसा राहील ते मी बघते. तुमच्या मेहनतीवर पाणी पडलं माझ्यामुळे."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते कळलं. पण शेपूट घालून परत आले आणि दोन्ही नळ्या बेसिनमध्ये ओतून दिल्या. निळा रंग पांढऱ्या बेसिनवरून जाता जात नव्हता.

शनिवार, ३०

तीन दिवस शेडचं दार आतून लावून बसले. दादा दारावर थाप मारून गेला, "चालू दे चालू दे, शास्त्रज्ञांना त्रास नको." माझ्यावर किती विश्वास.

आज वहिनी हातात मोजपट्टी घेऊन आली. कोल्ड रूम चोथ्याला द्यायची म्हणते. प्रेसमधून निघाला की थेट तिथे. शेवटच्या लाल द्राक्षांचा सगळा माल बसायला किती जागा लागेल, किती उंच थर चालेल, असं विचारत होती.

मी मापं सांगितली.

हे वाक्य लिहून मी बराच वेळ बसले आहे. तिने विचारलं आणि मी मापं सांगितली. थर जास्त उंच नको, मध्ये गारवा पोचायला फट ठेव, असंही सांगितलं. आवाज अगदी नेहमीचा होता. लॅबमध्ये मला सगळे वचकून असायचे, कारण मी कधी कोणाला सूट दिली नाही. आज त्यातलं कोणी दारात उभं असतं तर?

"पण तिथे तुझी टाकी आहे ना?" एवढं मात्र विचारलं.

"काढते उद्या," ती म्हणाली. "पांढरी काय, पुढच्या वर्षी पण होईल. हे तर तुमचं पहिलंच काम आहे इथलं, ते उभं राहू दे."

तिला दादाची बोलणी चुकवायची असणार. मी स्वतःला हेच सांगितलं.

रविवार, १

नवा महिना, जुनं तोंड.

सकाळपासून कोल्ड रूम रिकामी करत होते. तिथली छोटी टाकी जागची हलण्यासारखी नव्हती, म्हणून वहिनीने पंप लावून पांढरी मोठ्या शेडमधल्या रिकाम्या टाकीत घेतली. तिथे दुपारी पत्रे तापतात. ती टाकीवर ओली पोती गुंडाळत होती, पुन्हा पुन्हा भिजवत होती. मी खिडकीतून बघत होते. खाली जाऊन एक वाक्य बोलले असते तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. वाक्य तोंडात तयार होतं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून परत फिरले, चष्मा राहिला म्हणून. चष्मा डोळ्यांवरच होता.

बुधवार, ४

खोटं खरं करून दाखवायचा प्रयत्न करतेय. साखर नको, म्हणून ग्लिसरीनचा पाक केला. कोऱ्या नळीत तोच पाक. कोरी नळी कोरी राहिली, पाण्यासारखी. मालाची नळी निळी झाली, पण फिकट, धुतलेल्या कापडासारखी. हा खरा आकडा. अगदीच टाकाऊ नाही. अल्कोहोलपेक्षा थोडा सरसच आहे. पण त्या दिवशीच्या डौलापुढे हा आकडा घेऊन कोणापुढे उभी राहू?

गंमत म्हणजे ताज्या, थंड ठेवलेल्या चोथ्यात आणि शिळ्या चोथ्यात फरक आहे, पण बोटभर. एका टाकीची जागा द्यावी इतका नाही.

वहिनी जेवणाचा डबा शेडमध्येच पाठवते, कारण मी टेबलावर जात नाही. मला टाळता यावं म्हणून तिने ही सोय केली असावी.

सोमवार, ९

आज सगळ्या आवारात सुगंध होता. सकाळी खिडकी उघडली आणि आत आला. कुठल्या तरी फुलाचा, पिकलेल्या फळाचा, नेमकं नाव सांगता येऊ नये असा. माणसं कामं थांबवून हुंगत होती. "काय वास सुटलाय," म्हणत होती. दादापण खूश. "बघ, तुझी पांढरी गाजणार," असं वहिनीला ओरडून सांगितलं.

वहिनी मोठ्या शेडच्या दाराला टेकून उभी होती. पाठीमागे टाकीतून फसफस ऐकू येत होती, उकळल्यासारखी.

मी रसायनशास्त्रातली आहे, मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. टाकी तापली, आंबणं बेफाम झालं, आणि बाटलीत राहायचं ते हवेत निघून चाललंय. जो वास आम्ही सगळे छाती भरून घेत होतो, तो त्या वाइनमधून जात होता. अंगणभर वहिनीची पांढरी सांडत होती आणि लोक तिला शाबास म्हणत होते.

तिने माझ्याकडे बघून मान हलवली. ओळखीचं माणूस दिसल्यावर हलवतात तशी. मी पडदा ओढला. लाज वाटते हे लिहायलासुद्धा, पण मी पडदा ओढला आणि तोंडावर ओढणी धरली, तो वास येऊ नये म्हणून.

शुक्रवार, १३

सांगितलं.

दादाला आणि वहिनीला शेडमध्ये बोलावलं. तोंडाने बोलायचं ठरवलं असतं तर पुन्हा चष्मा शोधायला गेले असते, म्हणून ओट्यावर दोन नळ्या लावल्या. दोन्हींत औषध घातलं, गरम पाण्यात उभ्या केल्या आणि थांबायला सांगितलं. दादा घड्याळ बघत होता. वहिनी चटईच्या कडेला उभी होती, चटई मला मोकळी ठेवून.

दोन्ही निळ्या झाल्या.

"झकास," दादा म्हणाला. "दोन्ही नमुने चांगले आले."

"ह्या नळीत चोथ्याचा अर्क आहे," मी म्हटलं. "आणि ह्या नळीत चोथा नाही. नुसता साखरेचा पाक आहे."

दादाला कळलं नाही. वहिनीला कळायला वेळ लागला, पण मला तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं म्हणून नक्की कधी कळलं ते सांगता येणार नाही. मी नळ्यांकडे बघत बोलत राहिले. चोथा शिळा नव्हता. निदान त्यामुळे काही झालं नव्हतं. कोऱ्या नळीत पाक घालायचा होता, मी पाणी घातलं. चूक माझी आणि फक्त माझी.

दादाने शेडचं दार लोटलं. मग हळूच म्हणाला, "हे बाहेर कोणाला माहितीये?"

"नाही."

"मग डोकं चालव. द्राक्षबियांचा अर्क बाजारात तयार मिळतो. पुढच्या नमुन्यात थोडा मिसळ. त्यांचं मशीन खूश, आपण खूश. एकदा व्यवहार पक्का झाला की मग बघू."

माझ्यासाठीच बोलत होता बिचारा, माझी अब्रू जाऊ नये म्हणून. तरी अंगावर काटा आला.

"नाही," वहिनी म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस. तुझ्यामुळे आधीच..." दादा बोलता बोलता थांबला. तिच्यामुळे आधीच काय, ते आता उरलं नव्हतं. तो पाय आपटत निघून गेला. तिची माफी मागायचं त्याच्या लक्षात आलं नसेल, गडबडीत होता.

वहिनी गेली नाही. मला वाटलं आता बोलेल. तिने बोलावं असं वाटत होतं मला, चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. तिने कोऱ्या नळीला बोट लावून बघितलं, ती अजून गरम होती. मग माणसं जेवायला खोळंबली असतील म्हणाली आणि गेली.

रविवार, १५

आज पांढरी, साध्या वाइन एकत्र करायच्या मोठ्या टाकीत सोडायची होती. तिची वेगळी बाटली निघणार नाही हे कालच ठरलं. चार माणसं रिकामी बसली होती, तरी वहिनीने मला वर निरोप पाठवला, खाली या, पाइप धरायला माणूस हवंय. शिक्षाच म्हणायची. गेले.

आधी तिने एका पेल्यात थोडी काढून मला दिली. "चव घ्या."

घेतली. 'छान झालीय' असंच उत्तर द्यायचं हे मला सवयीने माहीत होतं, जिभेच्या टोकावर आलंही होतं. गिळलं.

"साधी आहे," मी म्हटलं. "वाईट नाही. पण वास काही राहिलेला नाही."

"हो," ती म्हणाली, आणि उरलेली स्वतः प्यायली, त्याच पेल्यातून.

मग पंप सुरू केला. मी पाइप धरून उभी राहिले. त्या आवाजात बोलावं लागत नव्हतं, बरं झालं. पाइप जड होता आणि धडधडत होता, ती मध्येच येऊन माझ्या हातांच्या खाली हात लावून धरायची, मग पुन्हा टाकीकडे जायची. अर्धं झाल्यावर पंप थांबवून तिने विचारलं, "तुमच्या त्या ग्लिसरीनच्या प्रकारात किती निघतं?"

तिला ग्लिसरीनचं कसं माहीत? बरण्या बघितल्या असतील.

"थोडं."

"थोडं म्हणजे?"

"पहिल्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याहून किंचित वर. कोरी नळी वजा करून."

"मग तेच क्रीमवाल्या बाईंना कळवा. आधीचं कसं चुकलं तेही लिहा. खाली सही मीपण करते."

मला वाटलं संपलं. इतक्यावर निभावलं, असं मनात आलं, आणि आल्याबरोबर त्याचीच लाज वाटली. टाकी रिकामी झाली. आम्ही दोघी पाइप धूत होतो, ती पाणी सोडत होती आणि मी दुसऱ्या टोकाला वाकले होते. तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली,

"ताई, एक विचारू? टेबलावर मी माझी चूक म्हणाले, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"नाही. देवाशपथ नाही."

"मग कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी."

पाइपमधून आधी फिकट पिवळं पाणी आलं, मग स्वच्छ आलं. तरी ती नळ बंद करत नव्हती.

"म्हणजे बुधवारी," ती म्हणाली.

"हो."

"खोली मी रविवारी रिकामी केली."

मी 'हो' म्हणाले. तिने नळ बंद केला, पाइप गुंडाळला, खांद्यावर टाकला. तिचा चेहरा मी बघितला नाही. दारापर्यंत गेली आणि तिथूनच म्हणाली, "उद्या सकाळी शेवटचा चोथा निघेल. लवकर खाली या, मी असेन शेडमध्ये. ती कोरी नळी कशी लावायची तेवढं मला शिकवा."

माझ्या कामावर नजर ठेवायची असेल तिला. असायलाच हवी. की दुसरं काही आहे, ते तिला विचारता आलं असतं, पण मी कोणत्या तोंडाने विचारू?